पंचाहत्तरीचं पातेलं

१

रविवारी संध्याकाळी ज्या हॉलमध्ये दीनानाथ खांबेट्यांना पंचाहत्तर निरांजनांनी ओवाळलं, त्याच हॉलमधून सोमवारी दुपारी त्यांची अंत्ययात्रा निघाली. भिंतीवरच्या कागदी पताका तशाच होत्या. त्या काढायचं भान कुणालाच राहिलं नव्हतं.

साल एकोणीसशे ब्याऐंशी, महिना मे. खांबेट्यांचं घर कसबा पेठेतल्या एका इमारतीत दुसऱ्या मजल्यावर. दीनानाथ निवृत्त मुख्याध्यापक. घरात आणि पेठेत सगळे त्यांना अण्णा म्हणत. थोरला मुलगा गोपाळकृष्ण, त्याची बायको श्यामला आणि त्यांच्या दोन मुली. धाकटा मुलगा दिगंबर आणि त्याची बायको हेमा, असं एकत्र कुटुंब. पंचाहत्तरीला तीसेक माणसं जेवायला होती आणि स्वयंपाक सगळा घरचा होता. पुरी, बटाट्याची भाजी, मसालेभात, काकडीची कोशिंबीर आणि गोडाला फ्रूट सॅलड. पाहुणे आपापल्या घरी पोचतात न पोचतात तोच उलट्या सुरू झाल्या. निम्म्याहून जास्त लोकांना इस्पितळात न्यावं लागलं. त्यातले बहुतेक सलाइन घेऊन सावरले. अण्णांना मधुमेह होता, हृदयही कमजोर होतं. ते सकाळ उजाडताना गेले.

महापालिकेच्या आरोग्य खात्यातल्या डॉक्टर कुसुम वर्तक इमारतीत शिरल्या तेव्हा पुरुषमंडळी नुकतीच स्मशानातून परतली होती. कुसुमताई पन्नाशीच्या, बुटक्या, जाड भिंगांचा चष्मा लावणाऱ्या. बोलणं कोरडं आणि तुटक. जिन्यातच त्यांना फौजदार बजरंग शितोळे भेटले.

"बाई, उगाच जिने चढलात. आरोपी मिळालाय."

"कोण?"

"मैना. घरची कामवाली. पुऱ्या तिनंच लाटल्या, वाढायलाही तीच होती. शनिवारी थोरल्या बाईंनी तिला रजा नाकारली, त्यावरून तोंडातोंडी झाली. आणि तिच्या पिशवीत हे सापडलं." फौजदारांनी खिशातून उंदराच्या औषधाची पुडी काढली.

कुसुमताईंनी पुडी हातात घेऊन उलटसुलट पाहिली. "ही फोडलेली नाही."

"नसेल."

"मग विष बाहेर आलं कसं? चालत?"

शितोळ्यांनी पुडी परत घेऊन खिशात टाकली.

"शिवाय या औषधाला लसणासारखा उग्र वास असतो. तीस माणसं जेवली, कुणाला वास आला नाही?"

"बाई, एक गोष्ट मात्र तुम्हीच मला सांगा," शितोळे जरा चिडून म्हणाले. "त्या घरातली झाडून सगळी माणसं आजारी पडली. एकूण एक. मैना तिथेच जेवली. तिला साधी मळमळसुद्धा झाली नाही. कशी?"

कुसुमताई वर न जाता जिना उतरू लागल्या.

"कुठे निघालात?"

"तिलाच विचारायला."

२

चौकीच्या मागच्या खोलीत मैना भिंतीला पाठ लावून बसली होती. चाळिशीची, अंगानं काटक. डोळे सुजले होते, पण आता ती रडत नव्हती.

"मी पोलीस नाही," कुसुमताई समोर बसत म्हणाल्या. "डॉक्टर आहे. तू काय काय जेवलीस ते आठवून सांग."

"समदं जेवले. पुरी, भाजी, भात. काकडीबी हुती."

"आणि फ्रूट सॅलड?"

मैनानं त्यांच्याकडं असं पाहिलं, जणू या बाईला काहीच कळत नाही.

"ते आमच्यापातुर येतंय व्हय? पातेलं माझ्याकडं आलं ते घासायलाच."

इस्पितळात कुसुमताई सकाळीच जाऊन आल्या होत्या. शेजारच्या एक बाई नाटकाला जायच्या घाईत फक्त वाटीभर फ्रूट सॅलड खाऊन गेल्या होत्या, त्या नाटकगृहातच आडव्या झाल्या. ज्यांनी गोड खाल्लं नव्हतं ते पाहुणे धडधाकट होते. मैना वाचली ती कुणी तिच्यासाठी वाटीभर राखून ठेवलं नाही म्हणून. आणि वाचली म्हणूनच इथे बसली होती.

"ते केलं कुणी?"

"थोरल्या वैनींनी. शनवारी सांजच्याला. कुणाला हात लावू दिला न्हाई. धाकल्या वैनी म्हनल्या, मी ढवळते, तर म्हनल्या, तू नको, तुझ्या हातचं तिखटच बरं." मैना थांबली. "धाकल्या वैनी धायरीच्या हाईत. शेतकऱ्याच्या घरच्या. लव्ह म्यारेज केलंय. आदूगर माझ्यासंगं दोन शबूद बोलायच्या त्याच."

"करून झाल्यावर पातेलं कुठे ठेवलं?"

"फ्रीजात. माझ्यादेखत."

"आणि रविवारी? सकाळी तू आलीस तेव्हा काही वेगळं दिसलं?"

मैनानं डोकं हलवलं. मग म्हणाली, "येगळं कायबी न्हाई. मोरीत भांडी हुती. त्यात दुधाचं भगुनं हुतं. दूध नासलं हुतं, चोथा चिकाटला हुता खाली. म्या घासलं."

"कुठलं दूध?"

"आदल्या दिवशीचं उरल्यालं. रोज रातच्याला झाकून फ्रीजात ठिवत्यात."

कुसुमताईंनी चष्मा काढला आणि पदरानं पुसला. रात्रभर फ्रीजमध्ये असलेलं दूध सकाळी नासलेलं होतं. त्याच फ्रीजमध्ये, त्याच रात्री, फ्रूट सॅलडचं पातेलं होतं.

३

खांबेट्यांच्या हॉलमध्ये शिरताच डाव्या हाताला फ्रीज होता. नवीन होता तेव्हा येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसावा म्हणून तिथे ठेवला, तो तिथेच राहिला. फ्रीजला लागून अण्णांचा दिवाण. फ्रीज घुरघुरत होता. कुसुमताईंनी दार उघडून हात आत घातला. चांगला गार होता.

श्यामला समोर येऊन उभी राहिली. अंगात ताकद नव्हती, तरी उभी होती. दोन्ही मुली अजून इस्पितळातच होत्या.

"डॉक्टर, दूध मी स्वतः उकळलं. कस्टर्ड पावडर नवीन डब्यातली. साखर चाळून घेतली. भांडं गरम पाण्यानं विसळलं. माझ्या घरात शिळंपाकं कुणाला घालत नाहीत."

"फळं?"

"यांनी रविवारी सकाळीच मंडईतून ताजी आणली. धुवून, पुसून, अगदी आयत्या वेळी चिरून घातली. वाढताना पातेलं थंडगार होतं. सगळ्यांनी नावाजलं."

"शनिवारी दूध उकळलं, पावडर घातली. पुढे?"

"पुढे काय, गार केलं. थोड्या गुठळ्या झाल्या होत्या, म्हणून चाळणीवर घेऊन हातानं दाबून गाळलं आणि फ्रीजमध्ये ठेवलं."

कुसुमताईंची नजर तिच्या उजव्या हातावर गेली. तर्जनीला कापडाची चिंधी बांधलेली होती, हळदीनं पिवळी झालेली.

"हे काय झालंय?"

"नखुरडं. आठवडा झाला ठणकतंय."

"सोडा बघू."

चिंधी सोडली. नखाच्या कडेला पू धरला होता. कुसुमताईंनी बोट उजेडाकडे फिरवून पाहिलं आणि काही न बोलता हात सोडला. श्यामलाच्या चेहऱ्यावरून काहीतरी सरकलं.

"पण मी हात धुतला होता," ती हळू आवाजात म्हणाली. "साबणानं."

"चिंधी सोडून?"

श्यामलानं बोट पदराआड घेतलं.

गोपाळकृष्ण खुर्चीत बसून होता. बापाला अग्नी देऊन आलेला माणूस. त्याला काहीतरी बोलत राहायचं होतं. मैनाविरुद्ध तक्रार त्यानंच दिली होती. तो म्हणाला, "या फ्रीजचंही काही खरं नाही. काल सरबताला बर्फ काढायला गेलो, तर खडे निघेचनात. ट्रेमध्ये एकसंध लादी. एका बाजूनं जाड, एका बाजूनं पातळ, आणि खालीसुद्धा बर्फाचा पापुद्रा. शेवटी बत्त्यानं फोडला."

"ट्रे भरला कधी होता?"

"शुक्रवारी. शनिवारी दुपारी मीच दोन खडे काढले होते. छान सुटे निघाले."

कुसुमताई वळून फ्रीजकडे पाहत राहिल्या. शनिवारी दुपारी सुटे खडे, रविवारी संध्याकाळी तिरकी लादी. खड्यांचं मधल्या वेळात पाणी झालं होतं आणि तेच पाणी पुन्हा गोठलं होतं. म्हणजे फ्रीज बंद पडला होता, आणि नंतर चालूही झाला होता.

"शनिवारी रात्री पेठेत वीज गेली होती?"

"छे. गेली असती तर उकाड्यानं मेलोच असतो."

फ्रीजची वायर भिंतीतल्या एका जुन्या सॉकेटपर्यंत गेली होती. त्या भिंतीला तेवढं एकच सॉकेट होतं. दिवाणाच्या पायाशी, जमिनीवर, एक टेबलफॅन उभा होता. त्याची वायर गुंडाळून त्याच्याच मानेत अडकवलेली होती.

"शनिवारी रात्री इथे कोण झोपलं होतं?"

"अण्णा," गोपाळकृष्ण म्हणाला. "त्यांची खोली नाशिकच्या आत्याला दिली होती. ते इथे दिवाणावर—"

तो बोलता बोलता थांबला. त्याचीही नजर पंख्यावरून सॉकेटवर गेली होती.

४

फ्रीजचा प्लग अण्णांनीच काढला होता, यात शंका राहिली नाही. उकाड्यात म्हातारा माणूस तळमळला, प्लग उपसला, पंखा लावला आणि झोपला. फ्रीजमध्ये काय आहे हे त्यांच्या ध्यानात आलं नसेल, किंवा एका रात्रीनं काय होतंय असं वाटलं असेल.

शेजारणीला डब्यात दिलेलं थोडं फ्रूट सॅलड उरलं होतं, ते कुसुमताईंनी प्रयोगशाळेत तपासायला पाठवलं. बुधवारी निकाल आला, तो त्यांनी अंदाज केला होता तसाच: पू झालेल्या जखमेतले जंतू. श्यामलाच्या बोटावरून ते उकळून गार झालेल्या दुधात गेले. फ्रीज चालू असता तर ते जागच्या जागी राहिले असते. बंद फ्रीजच्या उबेत रात्रभर वाढले आणि त्यांनी दुधात विष सोडलं. त्या विषाला वास नाही, चव नाही. पदार्थ नंतर कितीही गार केला तरी ते जात नाही.

"म्हणजे अपघात," फौजदार शितोळे म्हणाले. दोघं खांबेट्यांच्या इमारतीखाली उभे होते. "एकीनं हात नीट झाकला नाही, म्हाताऱ्यानं प्लग काढला. मैनाला सोडतो."

"सोडाच. पण अपघात इथे संपत नाही. रविवारी संध्याकाळी फ्रीज चालू होता. पंख्याचा प्लग काढून फ्रीजचा लावला कुणी?"

"अण्णांनीच लावला असेल, उठल्यावर."

"नासलेलं दूधही अण्णांनी ओतलं? ते कधी स्वयंपाकघरात जात नसत, हे तुमच्याच माणसांनी लिहून घेतलंय. ज्यानं दूध ओतलं त्याला फ्रीज रात्रभर बंद होता हे कळलं होतं. पातेलं तिथेच, दुधाच्या शेजारी होतं. आणि तरी तो माणूस गप्प राहिला."

वर जाऊन त्यांनी घरातल्या चौघांनाही विचारलं. श्यामला म्हणाली, उठल्याबरोबर ती न्हाणीघरात गेली, मग पूजेच्या तयारीला लागली. गोपाळकृष्ण म्हणाला, तो तडक मंडईत गेला. दिगंबर फुलं आणायला गेला होता. हेमा आतल्या खोलीत कॉटवर पडून होती. पंचविशी-तिशीची, सावळी, चेहरा ओढलेला.

"पहिला चहा कोण करतं तुमच्याकडे?"

"कधी मी, कधी वहिनी."

"रविवारी?"

"आठवत नाही हो. गडबड होती. पण फ्रीज चालू होता." हेमानं डोळे मिटून घेतले. "चालूच असणार ना."

कुसुमताई बाहेर आल्या. कुणीतरी खोटं बोलत होतं, पण कोण? ज्याला माहीत होतं त्यानं ते खाल्लं नसतं, आणि घरातली सगळी माणसं आजारी पडली होती. श्यामला आणि गोपाळकृष्ण तर पोटच्या मुलींना वाट्यामागून वाट्या वाढत होते. दिगंबर सलाइन घेऊन इस्पितळातून परतला होता. हेमालाही उलट्या झाल्या होत्या, तसं सगळेच सांगत होते. मग माहीत होतं कुणाला?

त्या जिना उतरू लागल्या. अर्ध्यावर मागून दिगंबरनं हाक मारली.

"डॉक्टर, एक मिनिट. एक विनंती होती." तो घुटमळला. बाप जाऊन तिसरा दिवस होता, तरी त्याच्या चेहऱ्यावर कुठेतरी एक लाजरा उजेड होता. "हेमाला फार प्रश्न विचारू नका. तिला दिवस गेलेत. पाच वर्षांनी. या सगळ्याचा बाळाला काही धोका तर नाही ना?"

"डॉक्टरांना दाखवलंत?"

"अजून नाही. रविवारीच तर कळलं. दुपारी तिला उलट्या सुरू झाल्या. वहिनींनीच ओळखलं, आत्यानंही. एकदम सगळं घर... अण्णांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. तिला कामाला उठू दिलं नाही कुणी. संध्याकाळी तिचं पान सगळ्यात आधी वाढलं."

"फ्रूट सॅलड खाल्लं तिनं?"

"नाही ना. तिला त्या पातेल्याकडे बघवतसुद्धा नव्हतं."

कुसुमताई पुन्हा जिना चढू लागल्या. हेमाला उलट्या रविवारी दुपारी झाल्या होत्या. तेव्हा त्या पातेल्याचं झाकण अजून कुणी पाहुण्यांसाठी उघडलंही नव्हतं.

५

मागच्या गॅलरीत दोरीवर धुतलेल्या सतरंज्या वाळत होत्या. हेमा कठड्याला टेकून उभी राहिली. कुसुमताईंनी दार लोटून घेतलं.

"सकाळी किती खाल्लंस?" त्यांनी विचारलं.

हेमानं खालच्या अंगणात पाहिलं.

"लहान वाटी," ती म्हणाली.

"का?"

"बघायला. खराब झालंय का ते." तिचा आवाज अगदी सपाट होता. "उठले तर पंखा चालू. फ्रीज बंद. अण्णा गाढ झोपले होते. मी हळूच प्लग बदलला, त्यांना उकडू नये म्हणून खिडकी उघडली. दूध नासलेलं निघालं. म्हटलं, आता वहिनींचं फ्रूट सॅलडही गेलं. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. मला हात लावू दिला नव्हता ना. पण खाऊन बघितलं तर छान लागलं. काहीसुद्धा झालं नव्हतं त्याला."

"मग सांगितलं का नाहीस?"

"काय सांगू? अण्णांनी फ्रीज बंद केला म्हणून? त्यांच्या पंचाहत्तरीच्या दिवशी त्यांना बोलणी बसली असती. आणि पदार्थ तर चांगला होता. मी दूध ओतून दिलं, नव्या बाटलीतल्या दुधाचा चहा केला."

"हे सकाळचं झालं. दुपारी तुला उलट्या झाल्यावर?"

हेमानं पदर तोंडाशी धरला.

"दुपारी मला कळलं," ती म्हणाली. "दुसरं काय खाल्लं होतं मी? चहा आणि ते. मी सांगणार होते. मोरीतून तोंड धुवून उठले तर वहिनी मागे उभ्या. मला वाटलं, ओरडतील. त्या हसल्या. पाच वर्षांत माझ्याकडे बघून हसल्या नव्हत्या हो. म्हणाल्या, हेमा, कितवा? मला आधी कळलंच नाही. तोवर आत्या आल्या. मला आत नेऊन निजवलं. माझ्या उशाला लिंबू कापून ठेवलं. वहिनींनी स्वतःच्या हातानं माझ्यासाठी भात कालवला."

"तू हो म्हणालीस?"

"नाही. मी काहीच बोलले नाही. नाही पण म्हटलं नाही." आता ती रडत होती, पण आवाज न करता. "म्हटलं, एक दिवस. फक्त आजचा दिवस. उद्या सांगेन, की चूक झाली. मला वाटलं, मला एकटीलाच बाधलं असेल, माझं पोटच नाजूक. नंतर फळं घालणार, सगळं ढवळणार, तीस जणांत वाटलं जाणार. मी असं स्वतःला समजावत होते दिवसभर. मनातून ठाऊक होतं. ठाऊक होतं म्हणून तर मी खाल्लं नाही."

"आणि अण्णांना खाऊ दिलंस."

हेमा कठड्यापाशी खाली बसली.

"दुसरी वाटी मागितली तेव्हा मी म्हटलं त्यांना. अण्णा, नको. अण्णा, राहू दे. मोठ्यांदा म्हटलं, सगळ्यांनी ऐकलं. ते हसले. म्हणाले, माझ्या साखरेची काळजी आज करू नकोस पोरी, आज मी नातवाचं तोंड गोड करतोय." तिनं दोन्ही हातांत डोकं धरलं. "मला तिथं बोलता आलं असतं. सगळी समोर होती. त्यांच्या हातात वाटी होती. मी बोलले न्हाई. मी बोलले न्हाई ओ, डॉक्टर."

इतक्या वर्षांत घासून पुसून काढलेली धायरीची बोली तिच्या तोंडी परत आली होती. कुसुमताई तिच्याजवळ खाली बसल्या. सगळं उलगडून झालं होतं आणि त्यांना त्याचं जराही समाधान वाटत नव्हतं.

"मैनाला सोडतील ना?" हेमानं विचारलं.

"फौजदार सोडतो म्हणाले आहेत. पण अपघात म्हणून सोडतील. लोकांच्या तोंडी तीच राहील, तिला पुन्हा कुणी कामाला ठेवणार नाही. खरं काय ते कुणीतरी सांगायला हवं."

"मी सांगते."

"आधी नवऱ्याला सांग."

हेमा उठली. चेहरा पदरानं पुसला आणि दार उघडून आत गेली.

६

कुसुमताई हॉलमध्ये थांबल्या. आतल्या खोलीचं दार बंद होतं. त्यातून हेमाचा बारीक आवाज येत होता, मग तोही थांबला. दिगंबर ओरडला नाही. मग कपाटाचं दार आपटल्याचा आवाज झाला आणि तो बाहेर आला. त्यानं कुणाकडेही पाहिलं नाही. अण्णांच्या रिकाम्या दिवाणावर जाऊन बसला आणि भिंतीकडे तोंड करून राहिला. हेमा दारात उभी होती. तो वळून बघेल म्हणून ती थांबली होती. तो वळला नाही.

श्यामला स्वयंपाकघराच्या दारात होती. तिनं सगळं ऐकलं होतं.

"माझ्या पोरी सलाइनवर आहेत," ती म्हणाली. आवाज फाटला होता. "दुपारी भात भरवला मी तुला. माझ्या हातानं."

"हो, वहिनी."

"त्याच हातानं," श्यामला म्हणाली. ती आत वळली. नळ सोडल्याचा आवाज आला. पाणी कितीतरी वेळ वाहत राहिलं.

हेमानं चपला घातल्या. घरातून तिच्याबरोबर कुणी निघालं नाही. कुसुमताई मात्र तिच्या शेजारून चालत राहिल्या. कसब्याच्या बोळांतून जाताना तांब्याच्या भांड्यांची ठोकाठोक चालली होती. ओळखीच्या दोन बायांनी हेमाला थांबवलं, अण्णांसाठी हळहळल्या, आणि तिच्या पोटाकडे बघून म्हणाल्या, जप हो, आता दोन जिवांची आहेस. बातमी पेठभर पसरली होती. हेमा मान खाली घालून पुढे गेली.

चौकीच्या पायरीवर मैना बसली होती. तिला नुकतंच सोडलं होतं. तिनं हेमाला पाहिलं आणि ती उठली.

"धाकल्या वैनी, तुमी कशापायी आला? तब्येत बरी न्हाई तुमची."

"तुझ्यासाठी आले," हेमा म्हणाली. "ते तुझ्यामुळं न्हवतं, मैना. मला म्हाईत हुतं. रविवारपासून."

मैनाला अर्थ लागायला थोडा वेळ गेला. तिनं हेमाकडे नीट पाहिलं. तीन दिवस भिंतीला टेकून काढलेली बाई होती ती. तिनं शिवी दिली असती तरी हेमानं ऐकून घेतली असती. मैनानं पिशवी उचलली, लुगड्याची धूळ झटकली आणि रस्त्याला लागली.

आत पंखा कुरकुरत होता. फौजदार शितोळ्यांनी कुसुमताईंकडे पाहिलं, त्यांनी मान हलवली. हेमा टेबलासमोरच्या स्टुलावर बसली. हवालदारानं कागद ओढला आणि रोजच्या सवयीनं सुरुवात केली.

"नाव?"

"हेमा दिगंबर खांबेटे."

"वय?"

तिनं सांगितलं.

"राहणार कसबा पेठ. माहेर?"

"धायरी."

"मुलंबाळं?"

बाहेरच्या बाकावर पेठेतली दोन-तीन माणसं बसली होती. कानोसा घेत होती. हेमानं हात मांडीवर ठेवले आणि त्यांनाही ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली,

"नाहीत. होणारही नाही. तसं काही नव्हतंच."